पाठ झालेला माणूस आणि रोजचा अर्धा तास : मानवाकृती रेखाटनाच्या सरावाविषयी

काजळरेघ

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना एक माणूस पाठ झालेला असतो. स्मरणचित्राच्या पेपरात भाजीबाजार, बसथांबा किंवा गणपतीची मिरवणूक असा काहीतरी प्रसंग येणार हे ठाऊक असल्यामुळे डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पाठमोरा उभा असलेला गृहस्थ, फुगा धरलेला मुलगा अशा मोजक्या आकृती आपण घोटून ठेवतो आणि विषय कोणताही आला तरी त्याच कागदावर उतरवतो. परीक्षेपुरते ते चालते. पण वीस-पंचवीस वर्षांनी, नोकरी-संसारात स्थिरावल्यावर, पुन्हा पेन्सिल हातात घेतली की तोच माणूस आधी येतो. समोर बसलेल्या आजोबांची मान पुढे आलेली आहे, एक खांदा उतरलेला आहे, हे डोळ्यांना दिसत असते; हात मात्र पाठ असलेले ताठ खांदे काढून मोकळा होतो.

म्हणून मानवाकृतीचा सराव रोज करावा असे मी म्हणते, तेव्हा हाताला वळण लावणे हा त्यातला दुय्यम भाग आहे. मुख्य काम आहे ते पाठ झालेल्या आकृतीला दररोज एका खऱ्या माणसासमोर उभे करण्याचे, म्हणजे ती कुठे खोटी ठरते ते कळते. हे काम आठवड्यातून एकदा चार तास बसून होत नाही, कारण मधल्या सहा दिवसांत जुनी सवय पुन्हा जागेवर येते. रोज अर्धा तास, आणि तेही शक्यतो ठरलेल्या वेळी, इतके पुरते.

सामान जितके कमी तितके बरे. कार्यालयातले पाठकोरे कागद, ते अडकवायला परीक्षेचे पॅड आणि एक ४बी पेन्सिल किंवा साधे बॉलपेन. मी बॉलपेनकडे झुकते, कारण त्याची रेघ खोडता येत नाही आणि त्यामुळे खोडरबरात जाणारा वेळ पाहण्यात जातो. महागडी स्केचबुके सुरुवातीला घेऊ नयेत. त्यातले पहिले पान खराब होईल या धास्तीने ती कपाटातच राहतात.

या अर्ध्या तासाची विभागणी मी अशी करते. पहिली दहा मिनिटे रॅपिड स्केचेस, प्रत्येकाला तीस सेकंदांपासून एका मिनिटापर्यंत वेळ. त्यात नाक, डोळे, बोटे, कपड्यांची नक्षी यांतले काहीही नाही. डोक्यापासून भार असलेल्या पावलापर्यंत शरीराचा ओघ कसा गेला आहे, एवढे एकच टिपायचे. पुढची पंधरा मिनिटे एकाच माणसावर, आणि त्या दिवसासाठी ठरवलेल्या एकाच प्रश्नावर. उरलेली पाच मिनिटे कागद उलटा ठेवून नुकताच पाहिलेला माणूस आठवणीने काढायचा. दोन्ही रेखाटने शेजारी ठेवली की स्वतःला सांगावे लागत नाही. आठवणीने काढलेल्यात पाठ झालेला माणूस नेमका कुठे शिरला, ते लगेच दिसते.

एकाच प्रश्नाचा आग्रह मी का धरते, ते जरा विस्ताराने लिहिते. ‘आज माणूस काढू’ असे म्हणून बसले की मन सैरभैर होते आणि चित्र चांगले दिसण्यामागे लागते. याउलट ‘आज फक्त ओळंबा पाहायचा’ असे ठरवले की पाहण्याला टोक येते. पेन्सिल दोन बोटांत सैल लोंबती धरावी, एक डोळा मिटावा आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याखालच्या खाचेतून सरळ खाली काय येते ते पाहावे. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर ही रेघ दोन पावलांच्या मधोमध पडते. एका पायावर भार टाकून माणूस सैलावला असेल तर ती त्या पायाच्या घोट्याजवळ उतरते. त्याच बाजूचा कमरेचा भाग वर उचललेला असतो आणि खांदा खाली आलेला असतो. आपल्या मंदिरशिल्पांतल्या त्रिभंगाचे, म्हणजे तीन ठिकाणी वळलेल्या उभ्या आकृतीचे, मर्म हेच आहे. कागदावरची आकृती पडेल असे वाटत असेल तर दहापैकी नऊ वेळा दोष ओळंब्यात असतो, शरीररचनेच्या ज्ञानात नसतो.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न हाडांचा असू शकतो. कृश माणसाच्या आणि लठ्ठ माणसाच्याही अंगावर काही जागा अशा असतात, जिथे हाड कातडीखाली लगेच लागते : हंसळी, कोपर, मनगट, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटा. फक्त या जागा ठिपक्यांनी मांडाव्यात आणि मग जोडाव्यात. तिसऱ्या दिवशी डोके, बरगड्यांचा पिंजरा आणि कटी या तीन घट्ट भागांचा एकमेकांशी असलेला कल पाहावा, कारण मान आणि कंबर हे दोन मऊ सांधे या तिघांना वाटेल तसे वळू देतात आणि माणसाची लकब तिथेच असते.

मॉडेल कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. आपल्या घरातली माणसे सर्वांत उत्तम. वर्तमानपत्र वाचणारे वडील, भाजी निवडणारी आई, अभ्यास करताना हातावर डोके टेकवून झोपी गेलेला मुलगा. यांना ‘हलू नका’ म्हणू नये. सांगितले की माणूस लगेच फोटोसारखा बसतो आणि पाहण्याजोगे सारे निघून जाते.

रेखाटनावर तारीख आणि त्या दिवसाचा प्रश्न लिहावा, आणि महिनाभर जुने कागद पाहू नयेत. रोज मागे वळून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही आणि तो निराश होतो.

---

कल्याण_लोकल

लेख आवडला, विशेषतः पाठ झालेल्या माणसाविषयीचे निरीक्षण अगदी पटले. माझा अर्धा तास फक्त लोकलमध्ये निघू शकतो. कल्याणला बसायला मिळाले की घाटकोपरपर्यंत समोरचे प्रवासी फारसे हलत नाहीत. तरीही दोन अडचणी आहेत. गाडीच्या हादऱ्यांमुळे रेघ थरथरते, आणि समोरच्याच्या लक्षात आले की तो सावरून बसतो किंवा नाराज होतो. अनोळखी माणसाला न विचारता रेखाटणे योग्य आहे का, याविषयीही मनात संकोच आहे.

---

काजळरेघ

हादऱ्यांचे म्हणाल तर रेघ मनगटातून न काढता खांद्यातून काढा आणि पॅड मांडीवर न टेकवता पोटाशी धरा. शरीर गाडीबरोबर हलते, त्यामुळे कागद आणि हात एकत्र हलतात. बाकी जी थरथर राहील ती राहू द्या.

संकोच असणे मला योग्यच वाटते. माझा नियम असा आहे की ओळखू येईल असा चेहरा विचारल्याशिवाय काढायचा नाही. झोपलेल्या माणसाची कलंडलेली मान, दांडी धरलेला हात, दारात उभ्या असलेल्यांच्या पाठी, यांत कुणाची ओळख उघड होत नाही आणि आपला अभ्यासही पूर्ण होतो. लहान मुले आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्याकडे पेन्सिल वळवायचीच नाही. कुणी पाहिले तर कागद लपवू नये, पुढे करावा. बहुतेक जण पाहतात आणि शेजारच्यालाही दाखवतात. कुणाला नको असेल तर तो कागद फाडून त्यांच्याच हाती द्यावा.

मुंबईत राहणाऱ्यांनी चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची (१८६७–१९४४) रेखाटने मिळतील तिथे पाहावीत. २०१८ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई दालनात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले होते. मुंबईतल्या रस्त्यांवरची माणसे दाखवणारी त्यांची पोस्टकार्डेही प्रसिद्ध आहेत. त्यांत प्रत्येकाची उभे राहण्याची ढब निराळी आहे, आणि ही ढब कल्पनेतून येत नाही.

---

निवृत्त_कलाशिक्षक

अनेक वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे स्मरणचित्राच्या बाजूने थोडे लिहितो. आकृती पाठ करणे हा शिकवणुकीतला दोष आहे, विषयाचा नाही. स्मरणचित्राचा मूळ हेतू पाहिलेले लक्षात ठेवून मांडणे हाच आहे, आणि आपण शेवटच्या पाच मिनिटांत तेच सांगितले आहे, याचे समाधान वाटले.

मात्र प्रमाणांना आपण फारच कमी जागा दिली, असे माझे मत आहे. नवशिक्याला ओघ आणि लकब सांगितली की तो वाहवत जातो. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, नवजात बालक चार डोक्यांचे, उभ्या माणसाचा मध्य जांघेपाशी येतो, हात सोडले की बोटांची टोके मांडीच्या मध्यावर येतात, तळहातासह बोटांची लांबी हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या चेहऱ्याइतकी असते, ही मापे आधी पक्की हवीत. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पाच पुरुषप्रकार मापांसह दिलेले आहेत आणि हंस पुरुष १०८ अंगुळांचा, म्हणजे नऊ तालांचा, सांगितला आहे. इथे एक गल्लत नेहमी होते. ताल म्हणजे बारा अंगुळांचा चेहरा. डोक्याची पूर्ण उंची नव्हे. त्यामुळे नवताल मूर्ती म्हणजे नऊ डोक्यांची मूर्ती, असे समजून हिशेब केला तर आकृती भलतीच उंच होते.

---

काजळरेघ

सर, तालाविषयीचा खुलासा मोलाचा आहे. प्रमाणांविषयी मात्र नम्रपणे असहमत आहे. साडेसात डोक्यांचे माप ताठ, समोरून पाहिलेल्या माणसाला लागू पडते, आणि आपल्याभोवती असा माणूस दिवसभरात क्वचितच भेटतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाची मांडी समोरून पाहताना इतकी आखडलेली दिसते की कधीकधी गुडघा आणि जांघ यांत डोक्याच्या निम्म्याइतकेही अंतर राहत नाही. पाठ असलेले माप तिथे हाताला सांगते की मांडी लांब असते, आणि आकृती घसरगुंडीवर बसल्यासारखी होते. प्रमाण तपासणीसाठी ठेवावे. आधी पाहावे, काढावे, मग डोक्याच्या मापाने पडताळावे. मापाने सुरुवात केली की पाठ झालेला माणूस नव्या कपड्यांत परत येतो.

---

व्यायामवैद्य

मी चित्रकार नाही. फिजिओथेरपिस्ट आहे आणि रुग्णांच्या नोंदींसाठी साधी रेखाटने करतो. दिवसभर माणसे उभी राहताना, बसताना आणि उठताना पाहणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट घोट्याची. आतल्या बाजूचा घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो. समोरून पाय काढताना ही तिरपी रेघ आली नाही तर पाऊल लाकडी दिसते. पोटरीचे मात्र उलट आहे : तिचा आतला फुगवटा बाहेरच्यापेक्षा खाली उतरतो. हे स्वतःच्या पायावर आरशात पाहता येते.

दुसरी गोष्ट उकिडवे बसण्याची. परदेशी पुस्तकांत खुर्चीवरची, कोचावरची आणि उभी माणसे भरपूर असतात. उकिडवी बसलेली आणि मांडी घातलेली फार कमी. आपल्याकडे मासळीबाजारात, शेताच्या बांधावर, नळावर हीच आसने दिसतात. ज्यांचे आयुष्य जमिनीवर बसण्यात गेले आहे ते उकिडवे बसताना टाचा पूर्ण टेकवतात. त्यांचा घोट्याचा सांधा तेवढा वाकतो, नडगी पुढे झुकते, पोट मांड्यांना लागते आणि काखा गुडघ्यांवर येतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला सांगितले तर त्याच्या टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि तोल सावरायला तो एक हात जमिनीवर टेकवतो. दोघांचीही आकृती ‘उकिडवा माणूस’ अशीच आहे, पण टाच काढली की त्या माणसाने कोणते काम करत आयुष्य काढले याचा अंदाज येतो. एका दिवसाचा प्रश्न म्हणून टाचा घ्याव्यात, असे मी सुचवतो.

आणि चित्र काढणाऱ्यांनी स्वतःची मानही सांभाळावी. पॅड मांडीवर सपाट ठेवून तासभर वाकून बसण्यापेक्षा ते उभे धरावे. मानेला आराम मिळतो आणि समोरचा माणूस व कागद एका नजरेत राहतात.

---

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहतो. इथल्या बहुतेक शहरांत फोल्क्सहोखशूले, म्हणजे प्रौढांसाठी असलेली सार्वजनिक शिक्षणकेंद्रे, माफक शुल्कात नग्न मॉडेलवरून रेखाटनाचे वर्ग चालवतात. माझ्या वर्गात बँकेतले कर्मचारी, निवृत्त लोक आणि शिवणकामाचे विद्यार्थी असे सगळेच येतात. सुरुवात नेहमी अगदी छोट्या पोजनी होते आणि शेवटी वीस-पंचवीस मिनिटांची एक लांब पोज असते. वातावरण शांत आणि कामाचे असते, मॉडेलच्या विश्रांतीची वेळ काटेकोर पाळली जाते आणि फोटो काढण्यास सक्त मनाई असते. आठवड्यातून एकदा तिथे जाऊन आल्यावर घरच्या रोजच्या सरावात कपड्यांखालचे शरीर कसे असेल याचा अंदाज पुष्कळ सुधारतो, असा माझा अनुभव आहे. महाराष्ट्रात अशी सोय हौशी माणसाला कितपत उपलब्ध आहे?

---

निवृत्त_कलाशिक्षक

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ सालची. पण नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा लाइफ क्लास तिथे रुजला तो १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आल्यानंतर. तेव्हापासून हा अभ्यास प्रामुख्याने कलामहाविद्यालयांच्या भिंतींआडच राहिला आहे. मुंबई-पुण्यात काही चित्रकार एकत्र येऊन मॉडेल बोलावतात, मात्र तिथेही बहुधा कपड्यांतलीच बैठक असते. आणि या वर्गांत बसणाऱ्या स्त्री-पुरुषांविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. तासन्‌तास एका स्थितीत राहणे हे अंगमेहनतीचे काम आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे चित्रकार त्यांच्याकडे पाहून शिकले, तरी त्यांची नावे कुठे लिहिली गेली नाहीत. आपण घरगुती गटात कुणाला बसवले तर ठरलेले मानधन आधी द्यावे आणि दर वीस मिनिटांनी विश्रांती द्यावी.

---

नीलगंध

सर्वांचे प्रतिसाद वाचून हुरूप आला. माझे लहान बाळ आहे, घरात सासूबाई आहेत, आणि सलग अर्धा तास मिळणे सध्या अशक्य आहे. मध्येच चार-पाच दिवस खाडा झाला की पुन्हा सुरू करण्याचे मनोबल राहत नाही. एकवीस दिवस सलग केले की सवय लागते असे ऐकले होते. ते एकवीस दिवस मला कधी मिळतच नाहीत. दुसरे असे की सासूबाई नेहमी नऊवारीत असतात आणि साडीच्या चुण्यांमध्ये मला शरीर सापडत नाही.

---

काजळरेघ

एकवीस दिवसांचे ओझे आधी उतरवून ठेवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता आणि तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसांत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. त्या अभ्यासात प्रत्येकाने आपली कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाशी बांधली होती, जसे की न्याहारीनंतर. तुम्हीही घड्याळाऐवजी प्रसंग निवडा. बाळ झोपले की एक मिनिट, एक आकृती. झोपलेले बाळ हाच विषय घेतलात तरी उत्तम : डोके केवढे मोठे, मान जवळजवळ नाहीच, आणि मुठी कशा खांद्यांपाशी येतात, हे पाहायला एवढी निश्चल संधी पुन्हा मिळणार नाही. पाठकोरे कागद आणि पेन पाळण्याजवळच ठेवा, म्हणजे शोधाशोधीत ते मिनिट जाणार नाही. खाडा पडला तर राहिलेली चित्रे भरून काढायला बसू नका, त्या दिवसाची एकच काढा.

नऊवारी ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही, उलट सासूबाई तुम्हाला शिकवायलाच बसल्या आहेत. चुणी कुठून तरी ताणलेली असते आणि कुठेतरी लोंबते. ताणाच्या जागा मोजक्याच असतात : पदर जिथून पुढे येतो तो खांदा, निऱ्या खोचलेली कंबर, बसल्यावर गुडघा, आणि काष्टा मागे खोचलेला असतो ती जागा. सासूबाई पाटावर बसून तांदूळ निवडत असतील तेव्हा आधी या जागा ठिपक्यांनी मांडा. गुडघ्यापासून निघालेल्या चुण्या पंख्यासारख्या कमरेकडे जाताना दिसतील आणि त्यांच्या दिशेवरून मांडी कुठे आहे ते कळेल. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात, पोटरी मोकळी राहते. पाचवारीपेक्षा नऊवारीत शरीर अधिक सापडते. सगळ्या चुण्या काढू नका. ताणाच्या जागेवरून निघणाऱ्या तीन-चार पुरेत.

---

कल्याण_लोकल

एक शेवटचा प्रश्न. पावसाळ्यात गर्दीत पॅड उघडणेही शक्य नसते. तेव्हा फोटो किंवा व्हिडिओवरून सराव केला तर चालेल का? आणि हात काढायचे कसे, याविषयी कुणीच लिहिले नाही.

---

काजळरेघ

फोटो चालेल, पण तो रोजच्या आहारात नको. कॅमेरा एका डोळ्याने पाहतो, जवळची वस्तू फुगवतो आणि खोलीचा निर्णय आपल्याऐवजी आधीच घेऊन टाकतो. व्हिडिओ त्याहून बरा. कबड्डीचा सामना लावा, थांबवू नका, आणि चढाई करणाऱ्याचा फक्त पाठीचा कणा प्रत्येक हालचालीला एका रेघेत टिपा. गर्दीत पॅड उघडता येत नसेल तर दांडी धरलेला एक हात स्थानक येईपर्यंत नुसता पाहा आणि उतरल्यावर फलाटावर आठवणीने काढा.

हातांसाठी बोटांपासून सुरुवात करू नका. आधी तळहाताची चौकट मांडा, तिचा मनगटाशी असलेला कोन पाहा. मग अंगठ्याचा मांसल उंचवटा तिला बाजूने जोडा, कारण अंगठा बोटांच्या रांगेत नसतो. तो त्यांच्याकडे तोंड करून असतो. चार बोटे एकत्र एका पंज्यासारखी धरून त्यांचा बाहेरचा आकार घ्या. मधले बोट सर्वांत पुढे आणि करंगळी बरीच खालून सुरू होते, एवढे सांभाळा. दांडी धरलेल्या मुठीत बोटांची पेरे पायऱ्यांसारखी वळतात, त्यातली पहिली वळणरेघ, म्हणजे तळहाताला लागून असलेल्या पेरांच्या उंचवट्यांची, आधी काढा. ती चारही बोटांतून एकसंध वळणाने गेली की मग बोटे वेगळी करा. सध्या आठवडाभर हाच प्रश्न ठेवा. लोकलमध्ये दांडी धरलेल्या हातांना तोटा नाही.